सर, नोट्स परत टाका ना

दहावी-बारावीच्या कुठल्याही क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, ठाण्यातल्या नौपाड्यातला असो की नवी मुंबईतल्या घणसोलीतला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यात एक वाक्य हमखास दिसतं: ‘सर, नोट्स परत टाका ना.’ नोट्स टाकलेल्या असतात. पण त्यांच्यावर चाळीस ‘ओके सर’, जोडलेले हात, कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि ‘उद्या क्लास आहे का’ याची सात उत्तरं साचलेली असतात. सर वैतागून परत टाकतात. आता त्याच नोट्सच्या दोन प्रती झाल्या, आणि चूक दुरुस्त केलेली कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून इथे प्रत्येक ॲपला एकच कसोटी लावली आहे: दिलेली गोष्ट पंधरा दिवसांनी अर्ध्या मिनिटात सापडते का? शिकवणं बरं की वाईट हा सरांचा प्रश्न. सापडणं हा ॲपचा. फोनवरून शिकणाऱ्या मुलांचं कौतुक आणि तक्रार दोन्ही फिरून याच मुद्द्यावर येतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हाताशी जे ॲप होतं तीच शाळा झाली. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. जुलैत रेड अलर्ट आला आणि शाळांना सुट्टी लागली की संध्याकाळचा क्लास आजही फोनवर भरतो.

व्हॉट्सॲपपासून सुरू करू, कारण ते घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असतं. आईच्या, बाबांच्या, आजीच्यासुद्धा. मुलांना त्याचं हेच आवडतं: नवीन काही शिकावं लागत नाही, आणि नेट रडतखडत चाललं तरी साधा मेसेज पोचतो. एका ग्रुपात १०२४ जण मावतात, कागदपत्र म्हणून पाठवलेली फाइल २ जीबीपर्यंत चालते. क्लासला एवढं पुरून उरतं. अडतं ते बोलण्यावर. ग्रुप उघडा ठेवला की वरचा केक आलाच. फक्त ॲडमिनला बोलू दिलं की शंका विचारायची सोय गेली. यावर उपाय कम्युनिटी, म्हणजे अनेक गट एकत्र बांधणारी व्हॉट्सॲपचीच सोय. त्यात सूचनांचा एक गट आपोआप तयार होतो, तिथे फक्त ॲडमिन लिहितात. शंकांसाठी त्याखाली विषयवार वेगळे गट काढायचे. सूचनांच्या गटात मुलांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ही मुलींच्या दृष्टीने मोठी गोष्ट. पण शंकांच्या गटात ते दिसतातच, हे बऱ्याच सरांच्या लक्षात येत नाही. रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून ‘हाय’ येतं ते तिथूनच.

पिन करण्याची, म्हणजे मेसेज गटात वरच टाचून ठेवण्याची, सोय फुकट असून जवळजवळ कुणी वापरत नाही. एका गटात तीन मेसेज पिन होतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. पहिला पिन या आठवड्याचं वेळापत्रक, दुसरा सगळ्या फाइलींच्या फोल्डरची लिंक, तिसरा पुढच्या चाचणीचा भाग. एवढं केलं की ‘परत टाका ना’ निम्म्याने घटतं. वेळापत्रक बदललं तर नवा मेसेज टाकण्याआधी जुन्याचा पिन काढा, नाहीतर अर्धी मुलं जुन्या वेळेला येऊन बसतात. मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. त्यानंतर चूक दिसली तर मूळ मेसेज पुसून नवा टाकावा. खाली ‘वरचं चूक आहे’ असं लिहिण्यात अर्थ नाही, कारण वरचं पुढे पाठवून झालेलं असतं.

आता फोटो. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि दोष मुलांच्या डोळ्यांवर जातो.

वहीच्या पानाचा फोटो साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप तो आवळतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए-फोर पानाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला पाच-साडेपाच पिक्सेल. बॉलपेनची रेघ अर्ध्या मिलिमीटरची, तिच्या वाट्याला अडीच पिक्सेल. वही उघडी धरून दोन पानं एकाच फोटोत घेतली तर त्याहून कमी. त्यात जेपेग, म्हणजे फोटो साठवायची नेहमीची पद्धत, चित्राला ८ गुणिले ८ च्या चौकोनांत तोडून आवळतं, आणि अशा चौकोनात एकटी पडलेली बारीक रेघ राखाडी डागात विरते. दहावी विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. त्यात वैश्विक स्थिरांक ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात. अकरा वाचता येतात, त्यांच्या आधीची छोटी आडवी रेघ दिसत नाही. मुलगा ‘अकरावा घात’ लिहून मोकळा होतो आणि उत्तर बावीस शून्यांनी चुकतं. ३ आणि ८, दशांश टिंब, आम्लाच्या सूत्रातला खालचा बारीक आकडा, सगळ्यांची हीच गत.

सोडवायला दोन मिनिटं लागतात. फोटो पाठवताना एचडी निवडा, किंवा त्याहून बरं म्हणजे पानं स्कॅन करून पीडीएफ करा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. तसं पाठवलेलं आवळलं जात नाही. गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅनचं बटण असतंच, वेगळं ॲप नको. ट्यूबलाइट डोक्यामागे असली की हाताची सावली पानावर पडते. पान खिडकीशी आडवं धरावं, उजेड बाजूने यावा. सावलीचा भाग स्कॅनर काळा करून टाकतो आणि नेमका तिथेच सूत्र असतं. मग फाइलला नाव द्या. डॉक, तारीख, डब्ल्यूए आणि चार आकडे, हे फोनने दिलेलं नाव म्हणजे निनावीच. ‘विज्ञान१_धडा६_अपवर्तन_सरावप्रश्न’ असं असेल तर ग्रुपच्या शोधात ‘अपवर्तन’ टाकल्यावर फाइल वर येते. व्हॉट्सॲप फाइलचं नाव शोधतं, फोटोत लिहिलेला मजकूर शोधत नाही. पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो तर पाठवूच नका. ई-बालभारतीवर पूर्ण पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. पान क्रमांक सांगितला की पुरे.

आवाजी निरोपाबद्दल मुलांमध्ये दोन तट आहेत. लिहायचा कंटाळा असलेल्यांना आणि इंग्रजी माध्यमातल्या, मराठी वाचताना अडखळणाऱ्यांना तो आवडतो. पण सात मिनिटांच्या आवाजात चौथा प्रश्न कुठे आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही, दीडपट वेगाने ऐकलं तरी. एक प्रश्न, एक निरोप, दोन मिनिटांच्या आत, आणि आधी लिहून ‘स्वाध्याय ३, प्रश्न ४’. एवढी शिस्त पाळली तर आवाजासारखं साधन नाही. गणितातली पायरी का घेतली हे लिहून सांगायला अर्धा तास जातो.

मतदान, म्हणजे पोल, हा व्हॉट्सॲपचा फसवा भाग. कुणी काय निवडलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने ‘ब’ दाबला की पाठोपाठ तीस ‘ब’ येतात, आणि सरांना वाटतं धडा समजला. रविवारी जादा तास घ्यायचा का, हे विचारायला पोल ठीक. उत्तर तपासायला नाही.

आणखी एक गोष्ट क्लासवाल्यांना दिसत नाही, घरच्यांना दिसते. बऱ्याच घरांत अभ्यासाचा फोन वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर महापे नाहीतर रबाळ्याला कामावर जातो, रात्री आठला परत येतो. दुपारी चारला आलेला ‘आज सहाला चाचणी’ हा निरोप त्या मुलाला चाचणी झाल्यावर मिळतो. सूचना आदल्या रात्रीच गेली पाहिजे. व्हिडिओ डाउनलोड केला नाही तर व्हॉट्सॲप तो सर्व्हरवर साधारण ३० दिवसच ठेवतं, नंतर ‘परत टाका ना’. आणि ६४ जीबीच्या फोनमध्ये दोन महिन्यांत जागा संपते ती अभ्यासाने नव्हे, आपोआप उतरणाऱ्या शुभेच्छांनी. सेटिंग्जमधल्या स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन फोटो-व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद करा, कागदपत्रांचं फक्त वायफायवर चालू ठेवा.

सूचनांसाठी व्हॉट्सॲपला पाचपैकी साडेचार. अभ्यासाचा साठा ठेवायला दीड, तोही पिनमुळे.

साठ्याचं काम टेलिग्राम फार चांगलं करतं, आणि एमपीएससी करणाऱ्यांनी ते कधीच ओळखलं. अभ्यासिकेत शेजारी बसलेल्या दोघांकडेही तीच पंधरा चॅनल सापडतील. फरक एवढाच की आज जोडलेल्यालाही चॅनलमध्ये पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं. व्हॉट्सॲप ग्रुपात उशिरा आलेल्याला आधीचा साठा आपोआप दिसत नाही. फाइल फोनमधून पुसली तरी चॅनलमध्ये राहते, परत उतरवता येते. एका फाइलला २ जीबीची मर्यादा. ग्रुपात २ लाख जण मावतात, पण क्लासने त्या मोहात पडू नये. ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘टॉपिक्स’ चालू केले की बीजगणित, भूमिती, विज्ञान १ असे कप्पे होतात आणि केकसाठीही एक कप्पा देता येतो. हॅशटॅग लावायचे तर यादी आधी ठरवा. एकदा ‘भूमिती’ आणि एकदा ‘भुमिती’ लिहिलं की अर्धा साठा दडून बसतो. ऱ्हस्व-दीर्घाचं इतकं रोकडं महत्त्व व्याकरणाच्या तासालाही कुणी पटवून देत नाही.

टेलिग्रामची क्विझ हे मुलांचं सगळ्यात लाडकं साधन. पोल तयार करताना ‘क्विझ’ निवडायचं, बरोबर पर्यायावर खूण करायची, खाली २०० अक्षरांत स्पष्टीकरण लिहायचं. निनावी ठेवली की कुणी काय दाबलं ते दिसत नाही आणि दाबलेलं बदलता येत नाही, त्यामुळे नक्कल आपोआप थांबते. दिवसाला पाच प्रश्न, रात्री नऊला. पाठवण्याचं बटण दाबून धरलं की वेळ ठरवून ठेवता येते, सरांनी रात्री जागायची गरज नाही. चुका होतात त्या पर्यायांत. ‘यांपैकी नाही’ हा पर्याय दर वेळी चुकीचाच असतो हे मुलं तिसऱ्या दिवशी ओळखतात.

मग टेलिग्रामला पाचपैकी पाच का नाहीत? एक, पालकांकडे ते नसतं. त्यामुळे फीची आणि गैरहजेरीची सूचना परत व्हॉट्सॲपवरच. दोन, नंबर लपवण्याची सोय आहे पण ती स्वतः लावावी लागते: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फोन नंबर, ‘नोबडी’. पहिल्या तासाला हे सगळ्यांकडून करून घ्यावं. तीन, शेजार. अभ्यासाच्या चॅनलला लागूनच चोरीच्या सिनेमांचा आणि चोरीच्या नोट्सचा बाजार असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात क्लासचं साहित्य विनापरवाना वाटणाऱ्या चॅनलचालकांची माहिती टेलिग्रामला द्यायला लावली. वाटणारा अनामिक राहतो हा समज तिथेच संपायला हवा होता. सरांचाच फोटो आणि एका अक्षराने वेगळं युजरनेम घेऊन पैसे मागणारे तोतयेही इथेच भेटतात. मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: फी कधीही चॅनलवरून मागितली जाणार नाही.

आणि फुटलेला पेपर. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘उद्याचा पेपर, पाचशे रुपये’ असे मेसेज येतातच. १८ जून २०२४ ला झालेली यूजीसी-नेट, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा, दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि टेलिग्रामवरच्या स्क्रीनशॉटची देशभर चर्चा झाली. सीबीआयच्या तपासात तो स्क्रीनशॉट फेरफार केलेला निघाला. पेपर झाल्यावर त्याचा फोटो काढायचा आणि आधीची वेळ दिसेल असं चित्र बनवायचं, हे जमायला फार अक्कल लागत नाही. वेळ दाखवणाऱ्या स्क्रीनशॉटवर विश्वास नको, एवढं मुलांनी धरून ठेवलं तरी ती रात्र झोपेत जाईल.

व्याख्यानासाठी यूट्यूबला तोड नाही. थांबवता येतं, मागे नेता येतं, उतरवून ठेवता येतं. ठाणे ते वाशी लोकलने अर्धा तास. दिव्याहून येणाऱ्या मुलांच्या गाडीत मध्येच नेट गेलं की लाइव्ह अडकतो, उतरवलेला व्हिडिओ चालत राहतो. म्हणून मुलं तासाभराच्या एका व्हिडिओपेक्षा बारा-बारा मिनिटांचे पाच मागतात. लांब व्हिडिओ टाकायचाच असेल तर वर्णनात वेळेचे टप्पे लिहा. पहिला ०:०० पासून हवा, किमान तीन हवेत, प्रत्येक निदान दहा सेकंदांचा. यातलं एक चुकलं तरी टप्पे दिसत नाहीत आणि का ते यूट्यूब सांगत नाही.

सुरुवात करणाऱ्यांची नेहमीची अडचण अशी. १५ मिनिटांहून लांब व्हिडिओ चढवायला आधी फोन नंबरची पडताळणी लागते. लाइव्ह पहिल्यांदा चालू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. फोनवरून लाइव्हला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, संगणकावरून लागत नाहीत. हे शनिवारी रात्री कळतं आणि रविवारचा तास बुडतो. व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवावा: लिंक असलेल्याला दिसतो, शोधात येत नाही. ‘प्रायव्हेट’ ठेवला तर प्रत्येकाचा ईमेल भरत बसावं लागेल. लहान मुलांसाठीचा म्हणून खूण केली की त्यावरच्या कॉमेंट आणि लाइव्हची चॅट दोन्ही बंद होतात. पाचवीच्या मुलांसाठी केलेल्या व्हिडिओला ती खूण प्रामाणिकपणे करावीच लागते, मग शंकांसाठी दुसरी जागा ठेवा. दहावीच्या व्हिडिओला ती चुकून लावली जाते आणि ‘मुलं शंकाच विचारत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

लाइव्हमध्ये उशीर असतो. साध्या सेटिंगवर अर्ध्या मिनिटापर्यंत जातो. सर ‘समजलं का?’ विचारतात, पाच सेकंद थांबतात, शांतता बघून पुढे जातात. ‘नाही सर’ त्यानंतर येतं. उशीर कमी करणारं सेटिंग लावलं तर नेट कमजोर असलेल्यांचा व्हिडिओ अडकायला लागतो. तेव्हा प्रश्न विचारून स्वतः पाणी प्यावं, इतका वेळ बरोबर पुरतो. डेटाचा हिशोबही मुलं चोख मांडतात: ४८०पीला तासाला साधारण अर्धा जीबी, ७२०पीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये ७२०पीचा दुसरा तास बसतच नाही. फळ्यावरची अक्षरं ४८०पीत वाचता आली पाहिजेत, म्हणजे फळ्याच्या एका ओळीत सात-आठ शब्दच. आणि माइक. पंख्याखाली दहा फुटांवर ठेवलेला फोन पंखाच टिपतो. साध्या वायरच्या इअरफोनचा माइक कॉलरला लावला तरी फरक पडतो.

यूट्यूबला व्याख्यानासाठी साडेचार. अर्धा गुण कापला तो शॉर्ट्ससाठी, कारण अपवर्तन संपतं तिथून मिसळपावाच्या गाड्यापर्यंत जायला बोटाचा एकच झटका लागतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. फेसबुक ग्रुप मुलांच्या लेखी आईबाबांचं गाव. तिथे क्लास नेऊ नका. इन्स्टाग्रामवर व्याख्या आणि सनावळ्या पाठ करायला बऱ्या, पण सेव्ह केलेलं परत उघडलं जात नाही हे मुलंच कबूल करतात. डिस्कॉर्ड इंजिनिअरिंगच्या मुलांना आवडतं, स्क्रीन दाखवत गटाने कोड सोडवायला उत्तम. फुकट खात्यावर १० एमबीवरची फाइल जात नाही. गुगल मीट फुकटात तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांनी बंद होतं, झूम ४० मिनिटांनी. शंकांच्या तासाला ही मर्यादा उलट सोयीची, तास वेळेवर संपतो.

दूरशिक्षणवाल्यांचं गणित वेगळं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचे, ज्याला अजून सगळे ‘आयडॉल’च म्हणतात, विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे. त्यांना व्याख्यानापेक्षा परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, हॉल तिकीट आणि असाइनमेंट कुठे द्यायची हे हवं असतं. त्यासाठी त्यांचे स्वतः काढलेले ग्रुप कामाचे असतात, पण तिथे तारखेबरोबर मागच्या वर्षीची तारीखही फिरते. परिपत्रक पुढे पाठवताना स्क्रीनशॉट नको, विद्यापीठाच्या संकेतस्थळाची लिंक हवी. स्क्रीनशॉटवर वर्ष कापलं गेलेलं असतं. असा ग्रुप चालवायला माणसं घाबरतात, कुणी भलतं टाकलं तर आपल्यावर येईल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून दोषी धरता येणार नाही. त्याचा त्यात सहभाग असेल तर गोष्ट वेगळी.

उत्तरपत्रिका ग्रुपवर मागवू नका, मग त्या कोणत्याही ॲपवर असोत. पहिली आली की उरलेल्या तिच्यासारख्याच येतात. गुगल क्लासरूम साध्या जीमेल खात्यावर चालतं, कुणी कधी दिलं ते वेळेसकट दिसतं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. गुणही तिथेच द्यावेत. ग्रुपवर गुणांची यादी टाकली की शेवटची पाच नावं पुढच्या तासाला कॅमेरा बंद ठेवतात.

मार्चमध्ये परीक्षा संपली की टेलिग्रामचं चॅनल राहू द्या, व्हॉट्सॲपचा ग्रुप मिटवा. नव्या बॅचला जुन्याच ग्रुपात ओढणारे पुष्कळ आहेत. मग अकरावीला गेलेल्या मुलांना जूनमध्ये दहावीच्या चाचणीची आठवण येत राहते, आणि नव्या मुलांचे नंबर कुणाकुणाच्या हातात गेले याचा हिशोब कुणाकडेच राहत नाही.